मूल मागितलं कुणी?

पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. माहेर हिंदू, सासर नगर जिल्ह्यातलं ख्रिस्ती. लग्नाला नऊ वर्षं झाली. त्यातली तीन उपचारांत गेली, दोनदा पदरी निराशा आली आणि आता सात आठवड्यांचा मुलगा मांडीवर आहे. सासूबाईंनी त्याचं नाव 'शमुवेल' असं ठरवूनच टाकलंय. उपास-प्रार्थना करून हा मागून घेतलाय, अशी साक्ष सासूबाई चर्चच्या मंडळीत देतात. इकडे आईनं जेजुरीला नवस बोललेला, तिला 'मल्हार' हवंय. 'शमुवेल' म्हणताना आमची जीभ वळत नाही, शाळेत पोरं चिडवतील, असं तिचं म्हणणं. नवरा 'तुम्ही बायका ठरवा' म्हणून मोकळा झालाय. पत्रलेखिकेनं इंटरनेटवर अर्थ शोधला, तर एकीकडे 'देवाने ऐकले', दुसरीकडे 'देवाचे नाव' आणि बायबलमध्ये 'देवाकडे मागितलेला'. मग तिनं मूळ गोष्ट वाचली आणि धास्तावली, कारण तिथल्या आईनं, हन्नानं, मागून घेतलेलं मूल दूध तुटल्यावर देवळात नेऊन दिलं. तिचा प्रश्न असा: खरा अर्थ कोणता? आणि हे नाव ठेवलं तर माझं मूल जन्मभर कुणाचं तरी देणेकरी होईल का? बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आहे.

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यातले 'मागितलं', 'मागून घेतलं' हे शब्द मोजले. सहा वेळा आलेत. सासूबाईंनी मागितलं, आईनं मागितलं, हन्नानं मागितलं. 'मी मागितलं' असं एकदाही नाही. याकडे मी परत येणार आहे, पण आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर.

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचं आहे: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. उच्चार साधारण 'श्मुएल'. शेवटची दोन अक्षरं मिळून 'एल', म्हणजे देव. दानीएल, मीखाएल, इम्मानुएल, नथनेल या सगळ्यांच्या शेपटाला हाच 'एल' आहे. प्रश्न आहे तो पुढच्या अर्ध्या भागाचा.

'देवाने ऐकले' हा अर्थ तुम्हाला सगळ्यात आधी सापडला असणार. मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये तोच असतो, आणि भाषेच्या दृष्टीनं तोच सगळ्यात लंगडा आहे. हिब्रूत 'ऐकणे' या धातूच्या शेवटी अयिन नावाचं एक घशातलं अक्षर असतं. 'इश्माएल'मध्ये ते आहे; त्याचा अर्थ खरोखरच 'देव ऐकतो'. 'शिमोन'मध्येही आहे. 'शमुवेल'मध्ये नाही. ते बोलता बोलता गळून पडलं असं म्हणता येतं, पण म्हणावं लागतं. बहुतेक भाषाभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. 'शेम' म्हणजे नाव (अक्कादी या जुन्या भगिनीभाषेत 'शुमू'), म्हणून 'देवाचं नाव' किंवा 'ज्याचं नाव एल'. अक्षरांशी हे नीट जुळतं.

आता तिसरा अर्थ, म्हणजे तुमची झोप उडवणारा. तो कुणा कोशकारानं दिलेला नाही, गोष्टीत स्वतः हन्ना देते. बायबलमधल्या '1 शमुवेल' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मुलगा झाल्यावर ती म्हणते, मी याला परमेश्वराजवळ मागितलं, म्हणून याचं नाव शमुवेल. गंमत अशी की 'मागितलेला' याला हिब्रू शब्द आहे 'शाऊल', आणि त्याच पुस्तकात थोडं पुढे शौल राजा येतो, तो हाच शब्द घेऊन. हन्नाचं स्पष्टीकरण शमुवेलापेक्षा शौलाला जास्त शोभतं, म्हणून ही जन्मकथा मुळात शौलाची तर नव्हती ना, अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. पण शमुवेलाच्या पाच अक्षरांतून मेम काढून पाहा. उरतात ती चारही शाऊलची अक्षरं, फक्त क्रम बदललेला. आणि हिब्रूत शब्दाआधी मेम लागला की 'कडून' असा अर्थ होतो. हन्नाचा श्लेष इतका पोकळ नाही.

तेव्हा यातला खरा कोणता? इथे मी तुम्हाला थोडं थांबवते. 'खरा अर्थ' एकच असतो आणि तो नावाच्या पोटात दडलेला असतो, हे आपण धरूनच चालतो. बायबलमधली नावं तशी चालत नाहीत. मोशेचं नाव 'पाण्यातून काढला म्हणून' पडलं असं बायबलचं 'निर्गम' हे पुस्तक सांगतं. पण नाव बहुधा मिसरी आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ जन्मलेला, मुलगा. बाबेल म्हणजे भाषांचा गोंधळ, असं त्यातलंच 'उत्पत्ती' हे पुस्तक सांगतं. बाबेलचे लोक मात्र त्याला 'देवाचं दार' म्हणत. गोष्ट सांगणाऱ्याला व्याकरण शिकवायचं नसतं, नावाच्या आवाजातून त्याला काहीतरी ऐकू आलेलं असतं. आपण तरी काय करतो? 'मुंबई' हे पोर्तुगीजांच्या 'चांगल्या खाडी'वरून आलं असं शाळेत मोठ्या खात्रीनं सांगणारे मास्तर मलाही होते, आणि मुंबादेवी तिथेच बसलेली होती.

म्हणून व्युत्पत्ती विचारलीत तर उत्तर 'देवाचं नाव'. गोष्टीतला अर्थ विचारलात तर 'मागितलेला'. तुमच्या घरात त्याचा अर्थ काय होईल हे अजून ठरायचंय, आणि पत्र वाचून मला वाटतं की भांडण त्याचंच आहे.

मागून मिळालेल्या मुलांची नावं आपल्याला परकी नाहीत. भिकाजी हे नाव आपल्याकडे किती घरांत होतं! आधीची मुलं वाचली नाहीत, की हा देवाकडून भीक मागून घेतलेला, म्हणून भिकाजी. दृष्ट लागू नये, मृत्यूचं लक्ष जाऊ नये म्हणून धोंडू, दगडू. यातल्या कुठल्या भिकाजीनं जन्मभर भीक मागितली? तुमच्या आईला आवडलेलं 'मल्हार'च घ्या. ते येतं मल्हारीवरून, मल्ल दैत्याचा वैरी. हा मुलगा मोठेपणी कुणाला मारेल अशी काळजी कुणी केलेली नाही. मल्हारच्या बाबतीत अर्थ नुसता अर्थ असतो आणि शमुवेलच्या बाबतीत तो भविष्य होतो, असं का? नाव सासरचं आहे, एवढंच तर कारण नाही ना? (रागावू नका. विचारणं माझं काम आहे.)

शिवाय खुद्द शमुवेलाची मुलं, योएल आणि अबीया. नावं एकदम धार्मिक, बाप संदेष्टा, आणि दोघेही न्यायाच्या गादीवर बसून लाच खाणारे निघाले. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता त्या देऊन टाकण्याबद्दल. तुम्ही गोष्ट वाचलीत हे फार चांगलं केलंत, पण मला वाटतं घाबरून वाचलीत. माझ्याबरोबर पुन्हा एकदा वाचा.

एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेला मुलं आहेत, हन्नाला नाहीत, आणि पनिन्ना तिला दर वर्षी शिलोच्या यात्रेत टोचून बोलते. हन्ना रडते, जेवत नाही. नवरा म्हणतो, दहा मुलांपेक्षा मी तुला बरा नाही का? (एलकाना माणूस वाईट नाही. पण हे वाक्य जगातल्या बऱ्याच नवऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत बोलून झालंय आणि त्याचा आजवर कुणाला उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही.) मग ती एकटी उठते, मंदिरात जाते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. दाराशी बसलेला याजक एली तिच्याकडे बघतो आणि ठरवतो की ही बाई प्यायलेली आहे. तसं तिला सुनावतोही. ती म्हणते, नाही महाराज, मी दुःखी बाई आहे, मन मोकळं करत होते. यहुदी परंपरेनं पुढे मूकपणे करायच्या प्रार्थनेचा आदर्श म्हणून हीच बाई निवडली, आणि यहुदी नववर्षाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये तिची गोष्ट वाचली जाते.

इथे दोन गोष्टी बघा. नवस बोलते ती हन्ना. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोललेला नाही. मुलाच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही हे वचनही तिचंच. आणि मूल झाल्यावर नाव कोण ठेवतं? तीच. एलकाना हजर असूनही ठेवत नाही, याजक ठेवत नाही, सासूचा तर गोष्टीत पत्ताच नाही. पुढच्या वर्षी यात्रेची वेळ येते तेव्हा ती म्हणते, दूध तुटेपर्यंत मी येणार नाही. त्या काळच्या नियमशास्त्राप्रमाणे बायकोनं बोललेला नवस नवऱ्याला मोडता येत असे. एलकाना मोडत नाही. तो म्हणतो, तुला बरं दिसेल ते कर.

आणि 'देऊन टाकलं' हा तुमचा शब्द आहे. हन्ना जे बोलते त्यात पुन्हा तोच 'मागणे'चा धातू येतो, पण या वेळी त्याचं रूप 'मागू देणे', म्हणजे उसनं देणे असं होतं. आपल्या मराठीतही हे अगदी असंच आहे. शेजारून वाटीभर साखर 'मागून आणली' म्हणतो, तेव्हा मागणं आणि उसनं घेणं एकाच शब्दात असतं ना? तिनं मागितला, आणि तिनंच उसना दिला. दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून घेऊन जायची, हेही पुढच्याच अध्यायात आहे. दर वर्षी म्हणजे दर वर्षी नवं माप. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. तिच्या मनात काय होतं हे पुस्तक सांगत नाही, आणि मी ते गोड करून सांगणार नाही. एवढ्याशा लेकराला सोडून घरी परतणं सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण ती लुटली गेलेली बाई नाही. मागणं, नाव, नवस, झगा, सगळं तिच्या हातचं आहे.

तुमची धास्ती मला वाटतं इथून येते. तुमच्या घरात हे सगळं दुसऱ्यांच्या हातात गेलंय. तीन वर्षं इंजेक्शनं तुम्ही घेतलीत. दोन वेळा रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात रडलात तुम्ही. आणि आता मंडळीत साक्ष सासूबाई देतात, जेजुरीला भंडारा आई उधळणार. दोन्ही आज्यांची माया खोटी नाही, त्या उपाशी राहिल्या असतील, पायऱ्या चढल्या असतील. पण एलीनं हन्नाकडे बघून जी चूक केली तशीच काहीशी तुमच्या बाबतीत झालीय. ज्या बाईच्या ओठांतून आवाज येत नव्हता तिची प्रार्थना कुणी धरलीच नाही.

तेव्हा नावाच्या आधी दोन बोलणी करा असं मी सुचवेन.

एक सासूबाईंशी, एकटीनं, कुणी पाहुणे नसताना. सरळ विचारा: "आई, तुम्ही प्रार्थनेत याच्याबद्दल काही वचन दिलंय का?" काही घरांत असा मुलगा 'देवाच्या सेवेला देईन' असं बोललेलं असतं, म्हणजे मोठा होऊन त्यानं पाळक, चर्चचा धर्मगुरू, व्हावं. दिलं नसेल तर तुमची अर्धी काळजी तिथेच संपेल. दिलं असेल तर आत्ता कळलेलं बरं, बारावीनंतर कळण्यापेक्षा. मग शांतपणे सांगा की हन्नानं स्वतःचा नवस बोलला होता, आणि तिच्या मुलालाही रात्री देवाची हाक स्वतः ऐकू आली होती. 'बोल, तुझा दास ऐकत आहे' हे शब्द एलीनं सांगितलेले, पण म्हणाला तो स्वतः, आजीनं म्हटलं नाही. सासूबाईंना ही गोष्ट तुमच्यापेक्षा जास्त पाठ असणार, त्यामुळे बोलणं त्यांच्याच पुस्तकातून झालेलं त्यांना रुचेल. आणि हेही म्हणा: "पुढच्या वेळी साक्ष द्याल तेव्हा उपचारांचंही सांगा. मंडळीत आणखी एखादी असेल, जी लाजेनं डॉक्टरकडे जात नसेल."

दुसरं नवऱ्याशी. 'तुम्ही बायका ठरवा' हे औदार्य नाही, पळवाट आहे. हवं तर त्यांना एलकानाचं वाक्य दाखवा. 'तुला बरं दिसेल ते कर' असं ते म्हणणार असतील, तर ते दोन्ही आज्यांसमोर म्हणावं. खोलीत म्हटलेलं धरलं जात नाही.

नाव जिभेवर बसत नाही, याबद्दल आता आईला एक गोष्ट सांगा. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची, म्हणजे ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत त्यांची मायबोली मराठीच. त्यांनी हे नाव केव्हाच आपलंसं करून घेतलं. शमुवेलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, एलियाचा एलोजी. सामाजी हसाजी दिवेकर नावाचे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांचा नवस होता, असं समाजात सांगतात. 1796 साली मुंबईत त्यांनी ते बांधलं. शहरातलं ते पहिलं सिनेगॉग. ज्या रस्त्यावर ते आहे त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. म्हणजे हे नाव, नवसासकट, मराठी माणसाच्या तोंडी निदान सव्वादोनशे वर्षं आहे. आईनं 'सामाजी' म्हणून बघावं. खंडोबाच्या दारात शोभेल इतकं ते मराठी आहे.

आणि 'शमुवेल' हे रूप हिब्रूच्या जवळचं आहे बरं का. ग्रीक भाषेत 'श' नाही, म्हणून तिथे सामुएल झालं आणि तिथून फिरत फिरत इंग्रजीतलं सॅम्युअल. केडगावला पंडिता रमाबाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या, ते उगाच नाही. मुळातून वाचलं की काही भुतं पळतात. तुम्हीही तेच करायला निघाला होतात.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नाही. नोंदीत नाव नंतर घालता येतं. 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दोघींना खूश करायला 'शमुवेल मल्हार' अशी जोडी दाखल्यावर लिहू नका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं समजतात, आणि पुढे आधार, शाळा, पासपोर्ट, तिन्हीकडे तीन माणसं तयार होतात. एक पाळण्यातलं आणि एक व्यवहारातलं, ही आपली जुनी सोय आहे, ती वापरा. शमुवेल ठरलं तर इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा. 'एस-एच-ए-एम' नं सुरुवात केलीत तर इंग्रजी शाळेतली पोरं त्यातून 'ढोंग' या अर्थाचा शब्द काढतील. रूढ 'एस-ए-एम' सोयीचं पडेल, मराठीत खुशाल शमुवेल लिहा. बाकी चिडवण्याचं म्हणाल, तर पोरं मल्हारलाही सोडत नाहीत.

दोन्ही नावं नकोशी झाली असतील तर तिसरा रस्ता आहे. नथनेल या नावाचा अर्थ 'देवाने दिला'. मराठीत तोच अर्थ 'देवदत्त'. मराठी ख्रिस्ती घरात ते नवं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चिरंजीव देवदत्तच. कुठल्या देवानं दिला हे दोन्ही आज्यांनी आपापल्या परीनं समजून घ्यावं.

पण मला विचाराल तर, शमुवेल ठेवायला माझी काही हरकत नाही. फक्त ते तुम्ही ठेवलेलं असावं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब विचारतील, या बाळाचं नाव काय? त्यांना आधी भेटून सांगून ठेवा की उत्तर तुम्ही देणार आहात. मोठ्यानं द्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. तोवर जे मनात येईल ते खरं. आदल्या रात्रीही नाव बदलावंसं वाटलं तर बदला.

आणि त्या दिवशी बाळाच्या अंगात घालायचं झबलं कुणी शिवायचं, हे दोन्ही आज्यांना ठरवू दे. त्यावर त्या भांडल्या तर भांडू देत.

काय ठरलं ते कळवा. हाक शमू की सामू, तेही.